पुढे लावायचा की मागे

देवदत्तने घर घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर एक जुना ट्रॅक्टर फुकट मिळाला. फुकट मिळालेलं सोडायचं नाही, हा संस्कार त्याने सातासमुद्रापारही नीट जपला होता. घर स्टेट कॉलेज या अमेरिकन गावापासून वीस मिनिटांवर, टेकडीच्या माथ्यावर. खाली रस्ता, वर घर आणि मध्ये पाचशे फुटांचा, दोन वळणांचा खडीचा ड्राइव्हवे. त्याने तो जून महिन्यात पाहिला आणि पाहताक्षणी भाळला. जानेवारीत पाहिला असता तर गावातल्या अपार्टमेंटमध्ये गप राहिला असता.

शरयूला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे घर पहिल्यापासून नको होतं. ती युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि आठ वर्षं संक्रांतीला दुसऱ्यांच्या घरी जाऊन हळदीकुंकू घेत आली होती. आता स्वतःचं घर झालं, आता तरी बायका आपल्याकडे येतील, एवढीच तिची हौस. पण महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांत ज्येष्ठ सुलभाकाकू वास्तुशांतीला आल्या आणि जाता जाता हसत म्हणाल्या, "घर गोड आहे गं, पण बर्फात या गडावर कोण चढणार बाई?" शरयूला ते फार लागलं. पाहुणे गेल्यावर तिने देवदत्तला सांगून टाकलं, "संक्रांतीचं हळदीकुंकू या घरात झालं तर राहू. नाही झालं तर मार्चमध्ये घर विकायला काढायचं."

"बर्फ माझी जबाबदारी," देवदत्त छातीठोकपणे म्हणाला. त्याला ते घर खरोखर आवडलं होतं, आणि ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

ट्रॅक्टरला स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून लांब उडवणारं यंत्र, लावायचा, हे लगेच ठरलं. पण तो दोन प्रकारचा असतो, पुढे लावायचा आणि मागे लावायचा, आणि देवदत्तसारख्या माणसापुढे दोन पर्याय ठेवणं म्हणजे संकटच. पुढचा लावला तर समोर बघत आरामात चालवता येतं; पण तो महाग, आणि बसवायला दिवस जातो. मागचा स्वस्त आणि मजबूत, ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला जोडला की झालं. पण मग ट्रॅक्टर उलटा चालवायचा, मान मागे वळवून, सगळा ड्राइव्हवे संपेपर्यंत. इंटरनेटवर ट्रॅक्टरवाल्यांचा एक फोरम होता. तिथे पुढचे आणि मागचे असे दोन पंथ होते आणि ते एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसावेत.

देवदत्तने एक्सेल शीट उघडली. सत्तावीस निकष काढले. किंमत, वजन, वळणावरचं वागणं, तेलपाणी, "मानेवरचा ताण" सुद्धा. प्रत्येकाला दहापैकी गुण. मदतीला त्याचा मित्र यतीन होता. तो मेकॅनिकलमध्ये पीएचडी करत होता आणि त्याने आयुष्यात ट्रॅक्टरला हात लावलेला नव्हता, म्हणून त्याची मतं अगदी ठाम होती. "पुढचाच घे यार! उलटं कोण ड्राइव्ह करतं?" रोज संध्याकाळी दोघं शीटसमोर बसत. शरयू चहा आणून ठेवी आणि कपडे बदलायला निघून जाई.

शेजारचा वॉल्टर हा सत्तरीचा शेतकरी चाळीस वर्षं मागचा ब्लोअर वापरत होता. त्याची मान आता वळतच नसे. हाक मारली की तो कपाटासारखा अख्खा फिरायचा. देवदत्तने त्यालाही सल्ला विचारला. वॉल्टरने उलट विचारलं, "चालवणार कोण?"

"मी," देवदत्त म्हणाला. दुसरं कोण चालवणार?

त्याच वेळी शरयू कामाला निघाली होती. घरापुढे गाडी वळवायची जेवढी जागा होती तेवढी ट्रॅक्टरने अडवलेली, म्हणून जून महिन्यापासून ती रोज सकाळी आपली गाडी रिव्हर्समध्ये टाकून, दोन्ही वळणं घेत, पाचशे फूट खाली रस्त्यापर्यंत नेत असे. देवदत्त मात्र स्वतःची गाडी खाली पत्रपेटीपाशीच लावायचा. चालत वर आलं की व्यायाम होतो, असं तो सगळ्यांना सांगे. वॉल्टर अख्खा वळून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग घरी गेला.

सात आठवड्यांनी शीटने निकाल दिला: पुढचा, अडीच गुणांनी. देवदत्त दुकानात गेला तर पुढचे सगळे ब्लोअर विकले गेले होते. मागचा एकच उरला होता. तो घेऊन घरी आल्यावर त्याने "मजबुती" या निकषाचं वजन वाढवलं आणि शीटमध्येही मागचाच जिंकवला. शरयूने ब्लोअरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. डिसेंबरभर बर्फ पडला तो चिमूटभर, झाडूने झाडण्याइतका.

संक्रांतीनंतरच्या रविवारी, दुपारी चारला, हळदीकुंकू ठरलं. लुटायचे स्टीलचे डबे आयसेलिनच्या देशी बाजारातून आणून झाले होते. आणि शनिवारी दुपारपासून जो बर्फ सुरू झाला तो रविवारी सकाळी अकराला थांबला. चांगला गुडघाभर.

देवदत्त कानटोपी घालून शूर चेहऱ्याने ट्रॅक्टरवर चढला. उजव्या खांद्यावरून मागे बघायचं आणि स्टिअरिंग फिरवायचं. पण मागे बघताना त्याचं डावं आणि उजवं यांची भांडणं होत. बर्फाची पहिली धार त्याने बैठकीच्या खिडकीवर मारली. दुसरी स्वतःवर. मग ब्लोअर ड्राइव्हवे सोडून हिरवळीत घुसला आणि मातीचे गोळे आकाशात उडवू लागला. पाऊण तासात जेमतेम चाळीस फूट साफ झालं, तेही वेडंवाकडं. तेवढ्यात मानेत कट्टकन आवाज झाला आणि मान तिथेच अडकली.

तो स्वयंपाकघरात आला तेव्हा त्याचं तोंड उजव्या खांद्याकडे होतं. शरयू काळी चंद्रकळा नेसून तिळगूळ वळत होती आणि फोन कानाला होता. पलीकडे सुलभाकाकू. त्यांचा आवाज त्याला लांबूनही ऐकू आला. "अगं, कॅन्सल करू नकोस हं. आमच्याकडे करू या सगळं! आमचं घर कसं, मेन रोडवरच आहे. मी सगळ्यांना फोन करते ना."

शरयूने देवदत्तकडे पाहिलं. तो फ्रिजकडे बघत होता, कारण दुसरीकडे बघता येत नव्हतं. झालं, त्याला वाटलं. गेलं घर. त्याहून वाईट म्हणजे तिचे डोळे भरले असतील आणि आपल्याला ते दिसतही नाहीत.

"नको काकू," शरयू म्हणाली. "इथेच आहे. चारलाच या." तिने फोन ठेवला आणि तिळाचे हात धुतले. "चावी दे."

"अगं, तुला ट्रॅक्टर कसा... ते उलटं चालवायचं असतं!"

"सात महिने मी रोज सकाळी काय करतेय, देवदत्त?"

सत्तावीस निकषांत हा एक राहूनच गेला होता. देवदत्तने खिशातून चावी काढून दिली.

तिने साडीवर जाकीट चढवलं, पायात स्नो बूट घातले, पदर खोचला आणि ट्रॅक्टरवर बसली. देवदत्त पायरीवरून सूचना देऊ लागला, पण तिच्याकडे बघायला त्याला वॉल्टरसारखं अख्खं फिरावं लागत होतं, आणि तो फिरेपर्यंत ती वीस फूट पुढे, म्हणजे मागे, गेलेली असायची. पहिलं वळण तिने ओठ दुमडून घेतलं. दुसरं घेताना ती चक्क गुणगुणत होती. तासाभरात ड्राइव्हवे पोळपाटासारखा स्वच्छ झाला. आपण किती मोठे गाढव आहोत हे देवदत्तला तिथे थंडीत उभं राहून स्पष्ट कळलं, आणि तिचा इतका अभिमान वाटला की मानेचं दुखणं काही क्षण तो विसरला.

चारला अकरा गाड्या वर आल्या. सुलभाकाकू दारातच म्हणाल्या, "भाग्यवान आहेस हो शरयू! नवऱ्याने काय सुंदर रस्ता काढून दिलाय!"

देवदत्तला मान हलवून हो म्हणता आलं असतं तर कदाचित तो म्हणालाही असता. पण मान हलत नव्हती. "मी नाही काकू," तो कपाटाकडे बघत म्हणाला. "तिने काढलाय. माझ्या हातून काही झालं नाही." काकूंना तो विनय वाटला. असा लाजाळू नवरा मिळायला पुण्य लागतं, असं त्या आत जाऊन सांगू लागल्या.

हळदीकुंकू झालं, उखाणे झाले, डबे लुटून झाले. पाचच्या सुमाराला बायका निघाल्या आणि अंगणात थबकल्या. माथ्यापासून खाली एकामागे एक अकरा गाड्या, वर ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग. वळायला तसूभर जागा नाही. खाली जायचं तर एकच मार्ग, उलटा.

"मी नाही बाई रिव्हर्स घेणार या उतारावर," एक म्हणाली. मग दुसरी म्हणाली, मग सगळ्याच म्हणाल्या.

देवदत्तने आतून हळदीकुंकवाचं मोकळं तबक आणलं आणि सगळ्यांसमोर धरलं. "चाव्या यात ठेवा," तो म्हणाला. "शरयू नेते."

तबकात चाव्या पडत गेल्या. शरयू एकेक गाडी उलटी खाली नेऊन रस्त्यावर लावे आणि पुन्हा चढून वर येई. बायका मागोमाग, साड्या वर धरून, एकमेकींना सावरत उतरत होत्या. सगळ्यांत शेवटी राहिली सुलभाकाकूंची नवी व्हॅन. काकूंनी चावी तबकात टाकली नाही. शरयूचा हात धरून तळव्यावर ठेवली आणि वर दोन्ही हातांनी तिची मूठ मिटली.

"रस्ताही तूच काढलास ना गं?" त्या हळूच म्हणाल्या.

शरयू नुसती हसली.

"पुढच्या वर्षी कुठे आहे मग हळदीकुंकू?"

देवदत्त श्वास रोखून उभा राहिला. त्याला तिचा चेहरा बघायचा होता, म्हणून तो पायांसकट, कंबरेसकट, अख्खा तिच्याकडे वळला.

"इथेच," शरयू म्हणाली, आणि व्हॅन रिव्हर्समध्ये टाकली.