प्रतिपक्षाचं भाषण

"हे कमकुवत आहे," पुरुषोत्तम म्हणाला. "मी वाईट बाप आहे, हे नीट ऐकूच येत नाही."

सरलानं कागद ओट्यावर ठेवला. "वाईट असं मी म्हटलंच नाहीये. विसराळू म्हटलंय."

"विसराळू म्हटलं की जज हसेल. हसलेला जज मुलगी देत नसतो. परत म्हण."

सरला परत म्हणायला लागली. सिंकवर दोरीनं टांगलेल्या पितळी तांब्याच्या बुडातून पाण्याची बारीक धार पडत होती. प्राचीन अथेन्सच्या कोर्टात बोलणाऱ्याची वेळ अशी पाण्यावर मोजत. म्हणून पुरुषोत्तमनं शेजारच्या नरेंद्रकडून, म्हणजे एका चांगल्या मेकॅनिकल इंजिनिअरकडून, तांब्याला भोक पाडून आणलं होतं.

"माझ्या आईनं लग्नात दिलेला तांब्या आहे तो," सरला मध्येच थांबून म्हणाली.

"होता," पुरुषोत्तम म्हणाला. "लक्ष भाषणावर ठेव. पाणी संपत आलंय."

दोघांचा घटस्फोट व्हायचा होता. त्यात भांडण असं काही नव्हतं. उलट लग्नात कधी झालं नाही इतकं एकमत ह्या कामात झालं होतं. भांडी तिची, पुस्तकं त्याची, जुनी टोयोटा तिची, कारण त्याला ड्राइव्ह करताच येत नव्हतं. सरलाला मिनेसोटात, ईडन प्रेरीला, एका लॅबमध्ये नोकरी लागली होती. इथलं, पिस्कॅटवेचं, अपार्टमेंट भाड्याचंच होतं. अडलं होतं ते एकाच जागी, ते म्हणजे चौथीतली विनीता कोणाकडे राहणार. त्यासाठी दोघं जोडीनं एका वकिलाकडे गेले, तर तो म्हणाला, तुम्ही दोघांनी वकील लावलेत तर तुमच्या मुलीच्या कॉलेजचे पैसे आमच्या मुलांच्या कॉलेजला जातील. बहुधा धंद्यात नवा असावा. मग ठरलं, वकील नको. जजसमोर ज्यानं त्यानं आपापलं म्हणणं मांडायचं.

हे ठरलं तेव्हा पुरुषोत्तमचे डोळे लकाकले होते. बायको चालली आहे, मुलगी जायची भीती आहे, आणि ह्या माणसाचे डोळे लकाकतात, हे सरलानं पाहिलं आणि सोडून दिलं. नाही तरी घटस्फोट चाललाच होता.

डोळे लकाकण्याचं कारण असं. पुरुषोत्तम लिमये विद्यापीठात अर्धवेळ शिकवायचा, आणि शिकवायचा काय, तर ग्रीकांची कोर्टातली भाषणं. वर्गात येणारी मुलं बहुतेक दुसरीकडे जागा न मिळाल्यानं आलेली असत. तो त्यांना सांगे, की अथेन्समध्ये वकील नव्हते. ज्याचं भांडण त्यानंच उभं राहून बोलायचं, आणि समोर न्याय द्यायला गावातली शेकडो माणसं बसलेली. आता चांभाराला कुठून भाषण येणार? मग तो लिहून देणाऱ्याकडे जायचा. लिहिणाऱ्याचं खरं कसब असं, की चांभाराचं भाषण चांभाराचंच वाटलं पाहिजे. ऐकणाऱ्याला कुणी लिहून दिलंय असा वास आला, की खटला गेलाच. लिहिणारा स्वतः गर्दीत मागं कुठंतरी उभा राहायचा. त्यातले काही जण तर परदेशी होते. गावाच्या सभेत त्यांना तोंड उघडायची परवानगी नव्हती, पण गाव त्यांच्याच वाक्यांनी भांडत होतं.

"म्हणजे भाडोत्री रडणारे," खालच्या मजल्यावरच्या वीणाकाकू एकदा म्हणाल्या होत्या.

"रडायचं ज्याचं त्यानंच," पुरुषोत्तम म्हणाला होता. "आम्ही फक्त कुठं रडायचं ते सांगतो."

आम्ही, कारण तोवर त्याचा इथलाही धंदा सुरू झाला होता. हाडांचे डॉक्टर प्रताप ह्यांना सुसाट गाडी चालवल्याबद्दल कोर्टात बोलावलं, तेव्हा ते आपल्या समाजसेवेवर बोलणार होते. पुरुषोत्तमनं त्यांना एका घाबरलेल्या, गरीब माणसाचं भाषण लिहून दिलं. प्रतापना ते पाठ करताना घाम फुटला, पण दंड निम्म्यावर आला. त्यानंतर कुंपणाचं भांडण असो, घरमालकाशी वाजलेलं असो, पिस्कॅटवेतला मराठी माणूस गुपचूप पुरुषोत्तमकडे यायला लागला. ओळखीतल्या दोनच माणसांनी त्याच्याकडून कधी काही लिहून घेतलं नव्हतं. एक विनीता, कारण तिचं इंग्रजी त्याच्यापेक्षा चांगलं होतं. आणि दुसरी सरला.

मग एका संध्याकाळी सरला भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, त्या नरेंद्रभाऊजींना कुंपणासाठी लिहून देता. मला नाही देणार?"

"कशासाठी?"

"जजपुढं बोलायला. मी उभी राहिले की माझी वाचाच बसते. तुम्ही काय, बोलालच."

दुसरा कुणी असता तर उठून बाहेर गेला असता. पुरुषोत्तमनं तिच्या हातातली भाजी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुझं मुख्य म्हणणं काय आहे?"

बारा वर्षांच्या संसारात त्यानं हा प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारला होता. सरलाला तो इतका नवीन होता, की उत्तर द्यायला तिला वेळ लागला.

पुढचे काही आठवडे त्यांच्या लग्नातले सर्वांत बरे गेले. जेवण झालं, विनीता झोपली, की दोघं स्वयंपाकघरात बसत. तो प्रश्न विचारी, ती सांगे, तो ऐके. ती हसली तर तो म्हणे, हे हसू ठेव, पण दुसऱ्या परिच्छेदानंतर. त्यानं तिच्या तोंडी एकही अवघड शब्द घातला नाही. तिचं इंग्रजी जसं अडखळत चाले तसंच त्यानं लिहिलं. कुठं अडखळायचं तेही लिहिलं.

"ती शाळेची गोष्ट का नाही सांगितलीस?" त्यानं एकदा विचारलं.

बर्फामुळे शाळा लवकर सुटली होती तो दिवस. शाळेतून फोन आला, पुरुषोत्तम "चालत निघालोच" म्हणाला, आणि वाचत होता ते पान संपवायला बसला. मग पुढचं पान. विनीता शाळेच्या झाडूवाल्याजवळ त्याच्या डब्यातली बिस्किटं खात बसली होती, अंधार पडेपर्यंत.

"ते मला सांगायचं नाहीये," सरला म्हणाली. "कसंतरी वाटतं."

"तेच सांगायचं. बाकी सगळं काढून टाक. एकच गोष्ट, आणि सावकाश."

"तुमच्यावर राग काढल्यासारखं होईल हो."

"माझा विचार तू करू नकोस. मी प्रतिपक्ष आहे."

आणि प्रतिपक्ष म्हटल्यावर त्याला ग्रीकांची आवडती युक्ती आठवली. समोरचा काय बोलणार आहे ते आपणच आधी सांगून टाकायचं आणि तिथंच त्याचं उत्तर द्यायचं, म्हणजे त्याची पाळी येते तेव्हा त्याचं सगळं उष्टं झालेलं असतं. एरवी ह्यात अंदाजानं चालावं लागतं. ह्या खटल्यात प्रतिपक्षाच्या मनात काय आहे ते पुरुषोत्तमला अगदी पक्कं माहीत होतं. इतकी सोय अथेन्समध्ये कुणालाच मिळाली नसेल. त्यानं लिहिलं: ते म्हणतील, मी मुलीला रोज गोष्ट सांगतो. खरं आहे. फार छान सांगतात. सकाळी तिचा डबा विसरतात. ते म्हणतील, तिच्या मैत्रिणी इथं आहेत. खरं आहे. त्यांची नावं त्यांना विचारा.

हे लिहून झाल्यावर तो स्वतःशीच म्हणाला, वा. मग त्या मैत्रिणींची नावं आठवत थोडा वेळ बसला.

शेवटच्या आठवड्यात तो स्वतःचं भाषण लिहायला बसला. प्रतापना गरीब करणं सोपं होतं, नरेंद्रला असहाय करणं त्याहून सोपं. पुरुषोत्तम लिमयेचं बोलणं कसं असतं, हेच त्याला लिहिता येईना. जे वाक्य लिहावं ते वर्गात उभं राहिल्यासारखं होई. आणि जो मुद्दा काढावा, त्याला सरलाच्या कागदावर उत्तर तयार. तिचं भाषण पाडायला त्याला जागाच सापडेना. ते भाषण फार चांगलं झालं होतं.

"तुमचं झालं का लिहून?" सरलानं विचारलं.

"होतंय," तो म्हणाला.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सरलानंच त्याला टोयोटातून काउंटी कोर्टात नेलं. प्रतिपक्षाला दुसरी राइड नव्हती. विनीताला घेऊन वीणाकाकू मागनं आल्या आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबल्या.

सरला उभी राहिली. जिथं अडखळायचं तिथं अडखळली. शाळेची गोष्ट तिनं खालच्या आवाजात सांगितली, बिस्किटांपाशी थांबली, आणि जजनी चष्मा काढला. पुरुषोत्तमचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, ते त्यानं हातानं झाकले. कागद संपला. आता हिनं बसायचं, एवढंच राहिलं होतं. पण सरला बसली नाही.

"सुट्टीत मी तिला त्यांच्याकडे पाठवीन," ती म्हणाली. "पूर्ण उन्हाळा. ती घरात नसली की ते जेवत नाहीत."

हे त्यानं लिहिलेलं नव्हतं. सगळ्या भाषणातलं सर्वांत चांगलं वाक्य तेच होतं, आणि दुःखाच्या आधी पुरुषोत्तमला हेवा वाटला.

मग त्याला विचारलं, तुमचं काय म्हणणं. तो उठला. हातात कोरा कागद होता.

"माझ्या बाजूनं जे बोलता येईल," तो म्हणाला, "ते सगळं ह्यांनी सांगितलंय."

"आणखी काही?" जजनी विचारलं.

"उत्तरंही दिली आहेत."

जजनी काहीतरी लिहून घेतलं. मग सरलाकडे वळून म्हणाले, मिसेस लिमये, इथं माणसं पाठ करून येतात, दुसऱ्यांकडून लिहून आणतात. कुणाचीही मदत न घेता इतकं सरळ, मनातलं बोललेलं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

"थँक यू," पुरुषोत्तम म्हणाला.

ते तोंडातून निघून गेलं. सरलानं मान खाली घातली. जजना वाटलं, निकाल काय लागणार हे ओळखून हा माणूस मोठ्या मनानं आभार मानतो आहे. तुम्ही सभ्य गृहस्थ आहात, असं ते त्याला म्हणाले, आणि मग निकाल दिला. विनीता आईकडे, उन्हाळा बापाकडे.

कॉरिडॉरमध्ये विनीता बाकावर पाय हलवत बसली होती. वीणाकाकूंनी सरलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुरुषोत्तमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

"बाबा, डिड यू टॉक?"

"हो."

"वॉज इट गुड?"

"जजना आवडलं."

विनीताचा चेहरा उजळला. "सो आय गेट टू स्टे?"

पुरुषोत्तमनं सरलाकडे पाहिलं. सरला तोंड उघडून तशीच उभी होती. तिच्याजवळ आता कागद नव्हता. त्यानं बाकावरचा विनीताचा कोट उचलला आणि तिच्या पाठीमागं धरला.

"आधी हे घाल," तो म्हणाला. "बाहेर थंडी आहे."

विनीतानं हात मागं घातला. तो फाटलेल्या अस्तरात शिरला आणि बाही सापडेना. ती आत चाचपडत राहिली. पुरुषोत्तम दोन्ही हातांनी कोट धरून, न हलता, उभा राहिला.