फाटक्या काठाची घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. माझा एक काठ फाटलेला आहे. तो उंदरांनी कुरतडलेला नाही. कसा फाटला, ते ऐका.

निजामाच्या राजवटीत चकलांब्याच्या शिवारात म्हाळू धनगराची मेंढरं चरायची. त्यांच्याच लोकरीचं सूत त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं कातलं. मागावर मी विणली गेले, चिंचोक्याची खळ पिऊन ताठ झाले. ऊन, वारा, थंडी मी बायडाबाईच्या डोक्यावर झेलली.

"नवऱ्यापरीस हिची ऊब लई," असं ती हसून म्हणायची. म्हाळू फुगायचा.

एकदा ओढ्यात घसरलेलं कोकरू धरायला बायडाबाईनं उडी मारली आणि तिचा गुडघा कट्‌कन पिरगळला. गुडघा सुजून भोपळा झाला. गेवराईचा हाडवैद्य राधाकिशन आला. चाचपून म्हणाला, "हाड शाबूत हाय. आतली शीर तुटलीय. दीड महिना पाय टेकवायचा न्हाई, न्हाईतर जलमभर लंगडशील."

म्हाळू भडकला. "दीड महिना? मंग मेंढरं काय तू राखतोस बे? डाग देतो, उद्या उठंल." त्यानं चुलीत विळा तापत घातलासुद्धा. राबणाऱ्या बाईचं दुखणं म्हणजे ढोंग, असं समजणारे गडी तेव्हा कमी नव्हते. आजही नाहीत.

त्याची आई रतनबाई काठी टेकत उठली. "कोकराचा पाय मोडला तर कामट्या बांधून महिनाभर बसवून ठेवतोस. तवा न्हाई डागत. बायको कोकराहून हलकी हाय व्हय रं?"

म्हाळूनं विळा बाहेर ओढला. तो चुलीजवळ निवत पडला.

मग रतनबाईनं माझा काठ टरकन फाडला. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्याच पट्टीनं गुडघा बांधला गेला. दीड महिना त्या म्हातारीनं मेंढरं वळली. म्हाळू रोज संध्याकाळी बायडाबाईची टाच तळहातावर घेऊन, वैद्यानं दाखवलं तसा तिचा पाय हळूहळू उचलायचा.

शेवटी बायडाबाई मला खांद्यावर घेऊन उभी राहिली. एक पाऊल, दुसरं पाऊल.

"आत्याबाई, पाय भार धरतोय वं!"

म्हातारी रडली. म्हाळू कोकरांकडं बघत राहिला.

त्यानंतर बायडाबाई वीस वर्षं रानात चालली. तिच्या प्रत्येक पावलात माझा काठ आहे, मित्रांनो. मी रतनबाई माउलीची, वैद्याची, हो, म्हाळूचीही ऋणी आहे. मला नवा काठ लावू नका. पण तुमच्या घरातली बाई लंगडत पाणी भरत असेल, तर आधी तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घ्या. मग तिला विचारा, कुठं दुखतंय.