वरचा मजला बंद

"तुझी इश्बेल काल माझ्या बसमध्ये होती," बर्टी म्हणाला आणि त्याने बिस्किट चहात बुडवलं. "वरच्या मजल्यावर. ड्रायव्हरच्या घरच्यांना फुकट आहे म्हणून काय दिवसभर हिंडायचं?"

डॉडने पेपरातून डोकं वर काढलं नाही. "कुठे उतरली?"

"तीच तर गंमत. उतरलीच नाही. शेवटच्या स्टॉपला गाडी वळवली, परत निघालो, तरी ही आपली वरच."

"दुसरी कुणी असेल."

"असेल की," बर्टी म्हणाला. "तुझंच नाक घेऊन आलेली."

डॉड लाउडन स्कॉटलंडमधल्या डंडीत सतरा नंबरची डबलडेकर चालवायचा. लग्नाच्या आधीपासून तीच चालवत होता, आणि बायको गेली त्याच्या पुढच्या सोमवारीही त्याने तीच चालवली. त्याचा विश्वास काय तो वेळापत्रकावर. वेळापत्रकात नसलेली गाडी आली, तर तिच्यात काहीतरी काळंबेरं आहे असं तो धरून चालायचा.

आणि इश्बेलच्या वेळापत्रकात नक्कीच काहीतरी काळंबेरं होतं. पोरगी युनिव्हर्सिटीत इंग्रजी साहित्यात ऑनर्स करत होती. लाउडनांच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे ते कसं दिसतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉडला ते आठवड्यातून दोन सकाळी वर्ग आणि उरलेले दिवस झोपायच्या गाऊनवर, असं दिसत होतं. मध्ये तर एक अख्खा आठवडा युनिव्हर्सिटीच बंद. त्याचं नाव म्हणे वाचन-आठवडा.

"वाचन-आठवडा," तो बहिणीला म्हणाला. नेटी शाळेच्या मुदपाकखान्यात होती. "तुला कधी ढवळण-आठवडा मिळाला होता का गं?"

"काढून टाकलं असेल तिला," नेटी म्हणाली. "नाहीतर मुलगा आहे."

"मुलगा असला तर बसमध्ये कशाला?"

"ऊब असते. तू आणि मार्था कुठे भेटायचात?"

ते दोघे बसमध्येच भेटायचे. वरच्या मजल्यावर.

त्या रात्री जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल काय केलंस गं?"

"लायब्ररीत होते," इश्बेल म्हणाली. इतक्या पटकन, की प्रश्नचिन्ह अजून त्याच्या तोंडातच होतं.

सुट्टीच्या दिवशी तो युनिव्हर्सिटीत गेला. बरा कोट एकच होता, तो बसकंपनीचा, म्हणून तोच घातला. इंग्रजी विभागाच्या कचेरीत मिसेस पेट्री नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांना वाटलं, हा हरवलेली छत्री द्यायला आलाय.

"मुलीची चौकशी करायची होती. इश्बेल लाउडन. येते ना ती?"

"ते मला सांगता यायचं नाही, मिस्टर लाउडन. सज्ञान आहे ती."

"म्हणजे येत नाही."

"म्हणजे सांगता यायचं नाही."

"बाप आहे मी तिचा."

"तोंडावरून दिसतंय," बाई म्हणाल्या. मग त्यांना दया आली असावी. "नियम मात्र कुणीही विचारले तरी सांगते. ते सांगू?"

त्यांनी नियम सांगितले. पहिली दोन वर्षं सगळे पेपर पहिल्याच फटक्यात सुटायला हवेत. तिसऱ्या वर्षी जुनं इंग्रजी, हजार वर्षांपूर्वीचं, ते चुकत नाही. चौथ्या वर्षी स्वतःचा प्रबंध. आणि प्रत्येक विषयात एकदा वर्गापुढे उभं राहून आपला लेख वाचायचा, त्यावरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

"बोलायचं, एवढंच?" डॉड म्हणाला. "ते तर फुकट येतं सगळ्यांना."

"तसं नसतं हो," बाई म्हणाल्या. "त्यातच पुष्कळ जण अडतात. मग ऑनर्स सोडून तिसऱ्या वर्षानंतर ऑर्डिनरी पदवी घेऊन जातात. त्यातही वाईट काही नाही."

ऑर्डिनरी. परत येताना डॉड बर्टीच्या बसमध्ये पाठीमागे बसून तो शब्द चघळत होता. साधी. आपण साधे, मार्था साधी, आई तागाच्या गिरणीत राबली तीही साधीच. साधं असण्यात वाईट काही नाही हे त्यालाही पटत होतं. फक्त ते सांगायला कचेरीत बाई कशाला ठेवावी लागते, हे कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्याने बर्टीबरोबर पाळी बदलून घेतली. गावातल्या मोठ्या स्टॉपवर ड्रायव्हर बदलतात, तिथे बर्टी उतरला, डॉड चढला. उतरताना बर्टीने नुसती भुवई वर केली. वर आहे.

ड्रायव्हरच्या डोक्यावर एक छोटा आरसा असतो. वरच्या मजल्यावर कोण सिगारेट ओढतंय, कोण सीट फाडतंय, ते त्यात दिसतं. डॉडला त्यात इश्बेल दिसली. मांडीवर कागद. आणि ती बोलत होती.

कुणाशी? बाजूला कोणी दिसत नव्हतं. म्हणजे आरशाच्या कडेबाहेर असणार. वाकून बसला असेल, भामटा.

आता, डॉडला ओठ वाचता यायचे. गिरणीतल्या बायकांची पोरं ती. मागांच्या खडखडाटात कानाचा उपयोग नसायचा, बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या आणि तीच सवय घेऊन घरी यायच्या. आईने डॉडला जन्मभर एकदाही मोठ्याने रागावलं नव्हतं. पण खोलीच्या पलीकडून तिने दिलेल्या सगळ्या शिव्या त्याला पाठ होत्या. तेव्हा सिग्नलला गाडी थांबली की तो आरशात बघू लागला.

काही अर्थ लागेना. ओठ पोरीचे होते, मार्थाच्या वळणाचे, पण बोलणं ओळखीचं नव्हतं. तोंड नको तिथे मोठं उघडत होतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा त्याला कळलं की दिवा हिरवा झालाय.

शेवटच्या स्टॉपला सगळे उतरले. डॉडने इंजिन बंद केलं आणि जिना चढायला लागला, कडेकडेने, पायऱ्या वाजू न देता. अर्ध्यावर आवाज आला. एका परक्या बाईचा. इंग्लंडकडची असावी, चांगल्या घरातली.

"आय थिंक," ती बाई म्हणाली. थांबली. "आय. आय. आय थिंक."

आमच्या गावात 'आय' कुणी म्हणत नाही. आम्ही 'ए' म्हणतो. दुकानात जाऊन 'ए' म्हटलं की एडिंबरोपासून लंडनपर्यंत कुणालाही कळतं, ही डंडीची, आणि बहुतेक वेळा हेही कळतं की हिची आजी गिरणीत होती.

डॉडने जिन्यातून डोकं वर काढलं. मजल्यावर इश्बेलशिवाय कोणीही नव्हतं.

"लायब्ररी बरीच हलते आजकाल," तो म्हणाला.

ती दचकली. कागद खाली पडले, ते गोळा करत ती म्हणाली, "बाबा, तू इथे काय करतोस?"

"बस चालवतोय. तू?"

तिने सांगितलं. मागच्या सत्रात ती लेख वाचायला उभी राहिली, तर पहिल्या वाक्यालाच सर म्हणाले, पुन्हा सांगा जरा. चांगला माणूस आहे, इंग्लंडच्या दक्षिणेचा, त्याला खरंच कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्याला पुन्हा कळलं नाही. मागे कुणीतरी हसलं आणि ती खाली बसली. आता गुरुवारी शेवटची संधी. नाही बोलली तर ऑर्डिनरी.

"लिहिलेलं बरं आहे का?"

"लिहिलेल्याला चांगले गुण आहेत. लिहिलेलं ऐकू येत नाही ना."

"मग घरात का नाही बोलत? माझ्या बसमध्ये का नाही येत?" हे विचारताना त्याच्या मनात जे होतं ते नेटीच्या संशयापेक्षा वाईट होतं. पोरीला आपली लाज वाटते.

इश्बेल खिडकीतून नदीकडे बघत होती. "तू ऐकत असलास की माझ्या तोंडून 'ए'च निघतो. काही केल्या दुसरं येत नाही."

हे लाजेचंच दुसरं नाव आहे की अगदी उलट आहे, हे डॉडला तिथे ठरवता आलं नाही. पुढेही कधी आलं नाही.

"उद्यापासून सतरा नंबरला ये," तो म्हणाला. "वर मी कुणाला सोडणार नाही. आरसा फिरवून ठेवतो."

"नियमात बसतं?"

"कुणीतरी ओकलंय म्हणून सांगेन. त्यावर कुणी उलट तपासणी करत नाही."

जिन्याला लावायची साखळी असते. गुरुवारपर्यंत सतरा नंबरचा वरचा मजला बंद राहिला. लोक कुरकुरले. एक म्हातारी म्हणाली, एवढं कोण ओकतंय रोज, डॉड, डॉक्टरला दाखवा त्याला. डॉडने मान डोलावली. आरसा फिरवलेला होता. वरून इंजिनाच्या आवाजात मिसळून काहीतरी यायचं, एखादा लांबवलेला स्वर, आणि चढावर गिअर बदलताना, इंजिन क्षणभर दबतं तेव्हा, तो जरा जास्तच वेळ लावायचा.

गुरुवारी युनिव्हर्सिटीच्या स्टॉपला इश्बेल साखळी ओलांडून खाली आली. केस घट्ट बांधलेले. ती मार्थाचा कोट घालून आली होती. दारापाशी क्षणभर थांबली.

"आय विल बी लेट," ती म्हणाली. "नंतर सगळे चहाला जाणार आहेत."

'ए' नाही. 'आय'. त्याच्यासमोर, अगदी तोंडावर, सहज.

तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. डॉडने तिच्या चेहऱ्यावर शोधलं, तिथे फक्त घाई होती.

"बरं, मिस," तो म्हणाला. उतरणाऱ्या सगळ्यांना म्हणायचा तसंच.

ती बसच्या पुढून रस्ता ओलांडून गेली. काचेपलीकडे तिचे ओठ हलत होते. पहिला शब्द त्याला वाचता आला. पुढचे नाही आले.

तेवढ्यात ती म्हातारी चढली, पास दाखवला आणि साखळीकडे हनुवटीने खूण केली. "अजून घाण आहे का वर?"

डॉडने हात वर करून आरसा सरळ केला. रिकाम्या सीटांच्या रांगा, पुढच्या काचेतून आलेलं ऊन.

"नाही," तो म्हणाला, आणि साखळी काढायला उठला. "साफ झालंय आता. बसा खुशाल."