घोलवडच्या वखारीतला स्विच आणि लोंबणारी वायर

मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. मित्रांनो, मला दाबून दिवा लागत नाही. प्रयत्न करून झाले आहेत. मी आठ खाचांचा चपटा डबा आहे. ज्या यंत्रांना एकमेकांशी बोलायचे असते त्यांच्या वायरी माझ्यात खोचतात आणि मी निरोप पोचवतो.

माझ्या खोक्यावर ‘कोरड्या जागी ठेवा’ असे छापले होते. त्याप्रमाणे मला घोलवडला, समुद्रापासून दहा मिनिटांवर, एका चिकूच्या वखारीत लावले.

संगणक, प्रिंटर, कॅमेरा, सगळे माझ्या भरवशावर. कौतुक मात्र शेजारच्या राउटरचे, कारण त्याला शिंगे आहेत. मी कोमट असतो, म्हणून माझ्यावर चिकू पिकायला ठेवतात. एक जुना संगणक भंगारात गेला, तेव्हापासून त्याच्या वायरीचे एक टोक माझ्यात होते आणि दुसरे भिंतीवर लोंबत होते.

यंदा दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. चिकू निवडणाऱ्या जयवंतीबाईंनी मला पुसले, कुंकू लावले, झेंडूचा हार घातला. मग ते लोंबणारे टोक माझ्याच एका रिकाम्या खाचेत नीट बसवले.

झाले! मी सगळ्यांसाठी पाठवलेला निरोप त्या वायरीतून फिरून माझ्याकडेच आला. मी तो पुन्हा सगळ्यांना पाठवला. तो पुन्हा आला. मिनिटभरात मी स्वतःशीच इतके बोललो की इतरांना बोलायला जागाच उरली नाही. माझे सगळे दिवे फडफडू लागले.

“बघा, पूजा पावली!” जयवंतीबाई म्हणाल्या. सगळ्यांनी पुन्हा हात जोडले.

दारात दिल्लीचा ट्रक भरून उभा होता. ऑनलाइन बिल निघाल्याशिवाय तो हलणार नव्हता, आणि चिकू पिकायचे थांबणार नव्हते.

“शेठ, नेट नाही,” बिल करणाऱ्या दक्षाबेन म्हणाल्या.

“असं कसं? दिवे बघ केवढे लागलेत!” सूर्यकांतशेठांनी राउटर तीनदा बंद-चालू केला. राउटरने शिंगे हलवली नाहीत.

दोन तास गेले. ट्रकवाला आत डोकावला. “शेठ, चिकू न्यायचेत की मिल्कशेक?”

शेवटी दक्षाबेन क्रेटवर चढल्या आणि एकेका वायरीवरून बोट फिरवू लागल्या. “ही इथून निघते... आणि इथेच येते! कोणी घातली?”

“मी,” जयवंतीबाई म्हणाल्या. “सणाच्या दिवशी लोंबत होती बिचारी.”

“मावशी, त्याची शेपटी त्याच्याच तोंडात दिलीत तुम्ही!”

त्यांनी दोन्ही टोके उपटली. मी गप्प झालो. बिल निघाले. ट्रक सुरू झाला आणि मागच्या फाळक्याची कडी तुटली. जयवंतीबाई ती वायर घेऊन धावल्या आणि त्यांनी फाळका करकचून बांधला. “कोण म्हणतं बिनकामाची आहे?”

मित्रांनो, आम्हाला हार घाला, कुंकू लावा, हरकत नाही. फक्त वायर खोचण्याआधी तिचे दुसरे टोक कुठे आहे तेवढे बघा. त्या वायरीची दोन्ही टोके सध्या दिल्लीत आहेत.