मिरची आणि काही नाही

माझी रागिणी सात महिन्यांची. संध्याकाळी ती रडायला लागली, की सासूबाई तव्यावर लाल मिरच्या, मोहरी आणि मीठ टाकून तिची नजर काढत. अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं घर दोन खोल्यांचं. धुराला जायला जागा नाही. पोर खोकायची, आणि मी तिच्या छातीला कान लावून बसायची.

"आई, या धुरानं तिला काही झालं तर?"

"तुया नवऱ्याले हिवरखेडात याच धुरात वाढवलं. काय झालं त्याले?"

कुंदन नेमका तेव्हाच शिंकला.

मी अमरावतीला संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली. आमचे सर सांगत, औषध तपासणारा डॉक्टर असो, कपाशीचं वाण काढणारा असो की तारे पाहणारा, 'हे खरं की योगायोग' हे विचारायला शेवटी सगळे आपल्याच दारात येतात. म्हटलं, सासूबाईंनाही आणावं. तीस चिठ्ठ्या केल्या. पंधरांवर 'मिरची', पंधरांवर 'काही नाही'. रोज कुंदननं बरणीतून एक काढायची आणि पोर किती मिनिटांत शांत होते ते मी वहीत लिहायचं. फरक पडला नाही तर धूर बंद. पडला, तर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही.

"मंजूर," सासूबाई इतक्या पटकन म्हणाल्या की मलाच धास्ती वाटली.

'काही नाही' निघालं की त्या पोरीला मागच्या दारी फिरवायला नेत. मी आत, घड्याळाला डोळे लावून.

महिना संपला. 'मिरची'ची सरासरी अठरा मिनिटं, 'काही नाही'ची सतरा.

"आई, फरक नाही! धूर बंद!"

"फरक कसा पडीन वं? मी तं दोन्ही दिवशी काढली."

"काय?"

"'काही नाही'ची चिठ्ठी निघाली का मागं नेऊन नुसत्या मिठानं उतरवत होतो. पोरगी रडून राहिली अन् आपण चिठ्ठी पाहत बसायचं? वावरात एकडाव औषधवाले आले होते. म्हणे, टमाट्याच्या दोन ओळी बिगर फवारणीच्या ठेवा. त्याइले बी मी फवारून टाकलं. डोयासमोर कसं मरू द्यावं, बाप्पा?"

त्या टमाटेवाल्या शास्त्रज्ञाची मला फार दया आली. मग माझी स्वतःची. तीस दिवस वाया! वही मिटता मिटता थांबले.

"आई, म्हणजे नुसत्या मिठानंही ती तेवढ्याच वेळात शांत झाली की! मग मिरची जाळायची कशाला?"

सासूबाईंनी वही हातात घेऊन दोन्ही रकाने बोटानं चाचपले. "व्हय वं. तं मंग मीठच."

"आता महिनाभर मीठ आणि खरोखरचं काही नाही, असं करून पाहायचं का?" कुंदन म्हणाला.

शास्त्राप्रमाणे त्याचं अगदी बरोबर होतं. तेवढ्यात रागिणी रडायला लागली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुंदनकडे पाहिलं, आणि आत जाऊन मिठाचा डबा मीच आणला.

"आई," मी हळूच विचारलं, "एका मुठीनं भागेल, की दोन घेऊ?"