शेळीच्या औषधाचा डबा

आमच्या घरात सुई दिसली तरी कुणी दचकत नाही. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही दीडशे मेंढरं राखली, त्यांना आम्हीच टोचायचो. मेंढरं विकली. आता वडगाव निंबाळकरला ऊस आणि दोन शेळ्या आहेत. सुया-बाटल्यांचा पत्र्याचा डबा मात्र कोनाड्यात तसाच राहिला. त्यात नवी बाटली दिसली तेव्हा मला वाटलं, नातवानं शेळीसाठी आणली असेल.

नातू म्हणजे शंभूराज. त्याचे आई-वडील भिगवणला खानावळ चालवतात, तो आमच्याकडे राहून पोलीस भरतीची तयारी करत होता. गुरुवारी मैदानी चाचणी होती, सोळाशे मीटर पळायचं होतं. दोन महिने तो कॅनॉलच्या भरावावर पळत होता आणि घरी आला की बूड टेकत नव्हता. जेवता जेवता उठायचा. कडी लावली का बघायचा, परत बघायचा. तोंडात काही नसताना जबडा हलवत राहायचा.

"रवंथ करतोस व्हय रं?" माझी बायको म्हाळसा विचारायची.

"आजे, गप की. त्यो शेजारचा विकी त्येच्या गच्चीवरनं माझा व्हिडिओ काढतोय."

"तुझा कशाला काढंल? माझं पापड हाईत तितं, ते राखतोय त्यो."

मी म्हणायचो, भरती जवळ आली, पोराचं रक्त तापलंय.

मंगळवारी दुपारी थोरल्या शेळीला ताप भरला. मी डब्यातली ती बाटली काढली, अंदाजानं सुईत भरली आणि टोचली.

थोड्या वेळात शेळी उठून उभी राहिली. "बघा, गुण आला," म्हाळसा म्हणाली.

पण शेळी थांबेचना. खुंट्याभोवती गरगर फिरू लागली. मोकळ्या भिंतीकडे बघून बिचकली. पाला तोंडात घेतला, टाकला, आणि रिकामा जबडा हलवत राहिली. तो जबडा मी दोन महिने बघत होतो.

पुढच्या पायामागं हात लावला. जनावर पारखताना आम्ही तिथंच काळीज बघतो. ठोके हाताला मोजता येईनात. एक चुकायचा, मग तीन एकदम यायचे.

तेवढ्यात शंभूराज भरावावरचं पळणं उरकून घरी आला. माझ्या हातातली बाटली बघून उंबऱ्यातच थबकला.

"आप्पा, ते कुणाला दिलं?"

"शेळीला. तिच्यासाठीच आणलंस न्हवं?"

मी उठलो आणि तोच हात त्याच्या छातीवर ठेवला. एक चुकला, मग तीन एकदम.

"समदीच घेत्यात आप्पा," तो म्हणाला. "दम लागत न्हाय. गुरुवारपतूर फक्त. मग सोडतो."

मागं शेळी पडली. पाय झाडले आणि तशीच राहिली.

"म्हातारी हुती ती," तो शेळीकडं बघत म्हणाला. "आजारी बी हुती."

"व्हय. आन् तू तेवीसचा हायस."

त्याला बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं तर गाडी फक्त विकीकडं होती. शंभूराज मागच्या सीटवर दाराला चिकटून बसला आणि बारामती येईपर्यंत विकीच्या मानेवरून त्यानं नजर काढली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मशीनवर ठोक्यांची कागदी पट्टी काढली, दोनदा बघितली, मग आम्ही नेलेली बाटली वाचली. "ऑपरेशन चालू असताना रक्तदाब कोसळला तर हे देतात," त्या म्हणाल्या. "धडधाकट माणसानं घेतलं की हृदय चाबूक मारल्यासारखं पळतं, ठोका चुकतो. मेंदूला झोप मिळत नाही, मग जो तो आपल्या मागावर आहे असं वाटायला लागतं."

"गुरुवारी पळू द्या," शंभूराज म्हणाला. "मग तुमी म्हणाल तसं करतो."

"गुरुवारी पळालास तर मैदानातच पडशील कदाचित. मग माझं ऐकायला कोण राहणार?"

गुरुवारी तो दवाखान्याच्या खाटेवर होता, छातीला वायरी लावलेल्या. साडेसात वाजले तसा उठून बसला. त्याच्या तुकडीची पळायची ती वेळ होती. चादरीखाली त्याचे पाय हलत होते, आधी हळू, मग भराभर. मशीनवरचे आकडे चढू लागले. ते आकडे मला नीट कळत नव्हते, म्हणून मी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"हात काढा आप्पा."

मी काढला नाही. पाय थांबले तरी काढला नाही.