एकशेचौदा नंबरचा बिल्ला

दुपारी चार वाजून तीन मिनिटांनी लिफ्टवाल्या गेनादीनं केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बिस्त्राताई, तुमचे सगळे खाली?"

बिस्त्रानं ओसरीतल्या फळ्याकडे पाहिलं. तेवीस खिळे आणि एकावरही बिल्ला नाही.

"सगळे खाली," ती म्हणाली.

गेनादीनं वरच्या टोकावरच्या माणसाला फोन केला. "बंद करतोय. तूही नीघ, हवा बिघडलीय." मग त्यानं खटका पाडला. दिवसभर कानात घुमणारी घरघर थांबली आणि लिफ्टच्या दोरावर टांगलेल्या खुर्च्या धुक्यात जिथल्या तिथे लटकत राहिल्या. मंगळवारचा दिवस होता. मेची दोल डोंगराच्या त्या उतारावर राव्निश्ते खाणकामगार स्की क्लबच्या तेवीस माणसांखेरीज दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे आणखी कोणाला विचारायची गरज नव्हती.

राव्निश्तेची खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. क्लब मात्र चालू होता. दर जानेवारीत एक बस भरायची आणि सहा दिवस याच डोंगरावर, लिफ्टच्या पायथ्याशी असलेल्या याच लाकडी विश्रामगृहात मुक्काम पडायचा. खाणीतून क्लबनं एकच वस्तू उचलून आणली होती, ती म्हणजे दिवाघराचा फळा आणि त्यावरचे पितळी बिल्ले. बिस्त्रानं सव्वीस वर्षं दिवाघराच्या खिडकीत काढली होती. खाली उतरताना माणूस दिवा घ्यायचा आणि आपला बिल्ला खिळ्यावर अडकवायचा. वर आला की दिवा परत द्यायचा आणि बिल्ला काढून न्यायचा. बिल्ला खिळ्यावर असला तर माणूस जमिनीखाली. इथेही तोच नियम लावला होता. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस डोंगरावर.

दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा बिस्त्राचा एकमेव कायदा होता. बाकी कशावरून ती कोणाला बोलत नसे.

तिला तसं कारण होतं. खाण चालू असताना एकदा पाळीच्या वहीत मुकादमानं 'सर्व वर आले' असं लिहून टाकलं होतं. एकशेचौदा नंबरचा बिल्ला मात्र खिळ्यावरच होता. "घरी गेला असेल गं, विसरला असेल बिल्ला," असं मुकादम म्हणाला. बिस्त्रा खिडकीतून हलली नाही. तिनं इतका आरडाओरडा केला की शेवटी माणसं पुन्हा खाली उतरली. एकोणीस तासांनी दगडांमागून पाइपवर ठोकल्याचा आवाज आला. तीन ठोके, मग जरा थांबून पुन्हा तीन. एकशेचौदा नंबर ग्रोझदानचा होता. तिच्या नवऱ्याचा.

चारच्या सुमारास माणसं आत आली होती. बाहेर उणे अकरा होतं, वारा सुटला होता आणि जाड बर्फ पडत होता. शेगडीवर पांढऱ्या घेवड्याची चोर्बा उकळत होती. फळ्यावर ज्याचा बिल्ला सगळ्यात शेवटी राहील त्यानं त्या संध्याकाळी सगळ्यांना राकियाची दारू पाजायची, ही क्लबची जुनी पद्धत. त्यामुळे परतताना ओसरीत रोज ढकलाढकली व्हायची. आज शेवटचा कोण, यावरून आत वाद रंगला होता.

"दोंकाबाई शेवटच्या."

"मी? माझा गुडघा सुजलाय म्हणून मी पावणेचारलाच आले! बिस्त्रानं पट्टी बांधली, विचार तिला."

"बघा, गुडघ्याच्या नावावर राकिया चुकवतायत."

बिस्त्रा हसली. पट्टी बांधायला ती आत गेली होती हे खरं होतं, पंधरा-वीस मिनिटं. तेवढाच वेळ ती फळ्यापासून लांब होती.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना ती सरपण आणायला ओसरीत आली. भिंतीशी बाकाखाली घरात घालायच्या सपातांची रांग असायची. आल्याआल्या बूट काढायचे आणि सपाता घालायच्या. आता बाकाखाली तेवीस जोड ओले बूट असायला हवे होते आणि एकही सपात नको होती.

सपातांचा एक जोड होता. करड्या लोकरीचा, डाव्या अंगठ्यापाशी निळ्या धाग्यानं रफू केलेला. रफू तिनंच केलं होतं.

तिनं आधी बूट मोजले. बावीस जोड. मग आत जाऊन खोली पाहिली, न्हाणीघर पाहिलं, मागची लाकडं ठेवायची खोली पाहिली. वरच्या खोलीत ग्रोझदानचा फोन त्याच्या खाटेवर पडला होता. तिनं आपल्या फोनवरून रिंग दिली तेव्हा तो तिच्यासमोरच थरथरला.

ती खाली आली. "ग्रोझदान कुठंय?"

कोणीतरी म्हणालं, "असेल इथंच." कोणीतरी म्हणालं, "धुराड्यामागं सिगरेट ओढत असेल." मेतोदी कडेला बसून चोर्बा खात होता. मेतोदी म्हणजे ग्रोझदानचा खाणीतला जोडीदार, पस्तीस वर्षांचा दोस्त. त्याच्या हातातला चमचा वाडग्यावरच थांबला होता.

"मेतोदी."

त्यानं खिशात हात घातला आणि पितळी बिल्ला टेबलावर ठेवला. एकशेचौदा.

"त्यानंच सांगितलं," मेतोदी म्हणाला. "म्हणाला, तेवढा माझा काढून ठेव, मी एक शेवटची चक्कर मारून येतो. राकिया नको बोकांडी बसायला. मला वाटलं आला असेल... मी पत्ते पिसत होतो, बिस्त्रा. लक्षातच राहिलं नाही."

"किती वाजता?"

"चार वाजायला पाच-सात मिनिटं असतील."

"लिफ्टच्या तोंडाशी साखळी लावली होती गेनादीनं."

"साखळीखालून वाकून गेला. तुला ठाऊक आहे तो."

बिस्त्रानं बिल्ला उचलला. तिच्या डोक्यात एकच वाक्य होतं आणि ते तिचंच होतं. सगळे खाली.

केबिनमधल्या गेनादीला आधी ते पटेचना. "ताई, मी इथंच होतो. माझ्यासमोरून कसा जाईल?" मग त्याला आठवलं की वरच्या माणसाशी वाऱ्याबद्दल बोलताना तो पाच मिनिटं पाठमोरा उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "तुम्हीच म्हणालात ना, सगळे खाली?"

"मीच म्हणाले," बिस्त्रा म्हणाली. "आता सुरू कर."

"सरळ सुरू केली तर तो वर पोचेल. वर कोणी नाही, केबिनला कुलूप आहे. या हवेत अंधारात तो खाली येणार कसा? उलटी चालवायला हवी. छोट्या इंजिनवर. हळूच चालते."

"किती हळू?"

"मिनिटाला एक खुर्ची."

त्यानं आधी बचाव पथकाला फोन लावला. रस्ता भरला होता, त्यांना यायला तासभर लागणार होता. उतरताना वाटेत पडला असेल तर, म्हणून दोन तरुण स्कीला न घसरणारे कातडी पट्टे बांधून धुक्यात चढू लागले. गेनादीनं हिशेब केला. चारला पाच कमी असताना बसला असेल आणि चार वाजून तीनला लिफ्ट थांबली असेल, तर तो चौतिसाव्या खुर्चीच्या आसपास. डिझेलचं इंजिन गारठलं होतं. तीन वेळा खोकून बंद पडलं आणि चौथ्यांदा धरलं. पाच वाजून एक मिनिट झालं होतं.

"ताई, एक सांगून ठेवतो," गेनादी तिच्याकडे न बघता म्हणाला. "लिफ्ट मध्येच बंद पडली की माणसं घाबरून उडी मारतात. मधल्या टप्प्यात खाली बारा मीटर आहे, आणि खडक."

"उडी मारली असेल तर कळेल कसं?"

"रिकाम्या खुर्चीवर वीतभर बर्फ साचलेला असेल. ज्या खुर्चीवर कमी असेल..." त्यानं पुढचं सोडून दिलं.

पहिली खुर्ची धुक्यातून पाठमोरी आली. तिच्यावर वीतभर बर्फ होता. दुसरीवरही. बिस्त्रा विजेरी घेऊन खुर्च्यांच्या वळणाशी उभी राहिली आणि मोठ्यानं मोजू लागली. सव्वीस वर्षं तिनं असंच मोजलं होतं, खिडकीतून, माणसांच्या तोंडाकडे न बघता. प्रत्येक खुर्ची आधी नुसती सावली असायची. सावलीत दर वेळी तिला खांदे दिसायचे, टोपी दिसायची. मग सावली जवळ यायची आणि त्यात बर्फाखेरीज काही नसायचं.

मेतोदी तिच्या मागे येऊन उभा राहिला. "बिस्त्रा, बस जरा. मी मोजतो."

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली. मेतोदी एक पाऊल मागे सरकला.

तिसावी. एकतिसावी. क्लबची बाकी माणसं ओसरीत दाटीवाटीनं उभी होती. तेहतिसावी. चौतिसावी खुर्ची आली. तिच्यावर बर्फ होता. भरगच्च, कडेपर्यंत.

पस्तिसावी. बर्फ.

छत्तिसाव्या खुर्चीची डावी बाजू मोकळी होती. उजव्या बाजूला वीतभर ढीग आणि डाव्या बाजूला लाकडी फळ्या जवळजवळ उघड्या. बिस्त्राच्या हातातली विजेरी तिथेच थांबली. खुर्ची वळणावरून निघून गेली तरी उजेड तिथेच राहिला. ओसरीतून कोणीतरी "देवा" म्हणालं.

"वाऱ्यानं," गेनादी खिडकीतून ओरडला. "ताई, वाऱ्यानंही उडतो बर्फ! एका बाजूचा उडतो!"

त्याला स्वतःला ते खरं वाटत होतं का, हे त्याच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं. इंजिन मात्र त्यानं बंद केलं नाही. बिस्त्राला बारा मीटर दिसत होते, खडक दिसत होते, करड्या सपाता दिसत होत्या. तोंडानं ती आकडे म्हणत राहिली, कारण आकडे थांबवले तर पुढे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. सदतीस. अडतीस. दोन्हीवर बर्फ.

एकोणचाळिसावी वळणाशी येत असताना तिला काहीतरी ऐकू आलं.

"इंजिन बंद कर!"

"अहो, आता कशाला..."

"बंद कर म्हणते ना!"

घरघर थांबली. वाऱ्याचा आवाज आला, पाठोपाठ ओसरीतला कोणाचा तरी खोकला. मग वर धुक्यात कुठेतरी धातूवर धातू आपटला. मंद. तीनदा. बऱ्याच वेळानं पुन्हा तीनदा. तिसरा ठोका इतका हलका होता की तो पडला की नाही, हे मेतोदी आणि गेनादी दोघांनाही शपथेवर सांगता आलं नसतं.

"चालव," बिस्त्रा म्हणाली. तिनं विजेरी पुन्हा वर धरली.

चाळिसावी खुर्ची रिकामी होती. एकेचाळिसाव्या खुर्चीची सावली आली तेव्हा तिला खांदे दिसले. या वेळी ते जवळ आल्यावरही खांदेच राहिले.

ग्रोझदान खुर्चीच्या आडव्या दांड्याच्या मागे वाकून बसला होता. डोक्यावर, पाठीवर, मांड्यांवर बर्फ. एक स्की पायात होती आणि एक खाली पडली होती. एक काठी त्यानं काखेत दाबून धरली होती आणि तिचं टोक खुर्चीच्या लोखंडी दांडीला टेकलं होतं. बोटं तिच्याभोवती मिटलेली नव्हतीच. तो मनगटानं ठोकत होता. मेतोदी आणि गेनादीनं त्याला उचललं तेव्हा तो बसलेल्याच आकारात खाली आला.

पाच वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. लिफ्ट बंद होऊन नव्याण्णव मिनिटं.

आत त्यांनी त्याचे बूट कापून काढले, घोंगड्या गुंडाळल्या आणि कोमट पाण्याची पातेली आणली. पथकाची डॉक्टर सव्वासहाला पोचली. हाताची दोन बोटं कदाचित जातील, म्हणाली, पण माणूस राहील. वर चढत गेलेले दोघेही परत आले. ग्रोझदानचे दात वाजायचे थांबल्यावर त्यानं पहिलं वाक्य काढलं.

"मला वाटलं, बिल्ला... मग आठवलं. मीच काढायला सांगितला." त्याची नजर ओसरीच्या दाराकडे गेली. "तिथं बसून तेवढंच आठवत होतो. खिळ्यावर नाहीये. कोणाला कळणार नाही."

मेतोदी भिंतीकडे तोंड करून रडत होता. कोणी त्याला गप्प करत नव्हतं.

बिस्त्रा उठली आणि ओसरीत गेली. एकशेचौदा नंबरचा बिल्ला तिनं खिळ्यावर अडकवला आणि आत येऊन ग्रोझदानसमोर उभी राहिली.

"चल. काढ."

"बिस्त्रा, वेडी आहेस का?" दोंका म्हणाली. "त्याचे हात बघ. मी आणते काढून."

"कोणी उठायचं नाही."

डॉक्टर काहीतरी बोलायला गेली, पण ग्रोझदाननं मान हलवून तिला थांबवलं. दोघांच्या आधारानं तो ओसरीपर्यंत गेला. पट्ट्या बांधलेल्या दोन्ही पंजांमध्ये त्यानं बिल्ला धरला. तो निसटला. पुन्हा धरला. पाचव्यांदा बिल्ला खिळ्यावरून सुटून जमिनीवर पडला आणि तेवीस माणसांना पितळेचा आवाज ऐकू आला.

"म्हणजे शेवटचा मीच," ग्रोझदान पुटपुटला. "आली शेवटी बोकांडी राकिया."

लोक हसले. जरा जास्तच मोठ्यानं हसले. बिस्त्राही हसली. मग ती फळ्याकडे वळली. तेवीस खिळे आणि एकावरही बिल्ला नाही. सव्वीस वर्षं आणि त्यापुढची अकरा वर्षं तिला एवढं पुरलं होतं.

आत येऊन तिनं दाराशी उभं राहून क्लबची डोकी मोजली. बोटानं, एकेक करून, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत. स्वतःला धरून तेवीस झाली. मग ती पहिल्यापासून पुन्हा मोजू लागली.